रांजणावरची काटी मी काढली

उत्तम,

तू गेल्यावर, तुझ्या जलदान विधीच्या दिवशी मी जे बोललो ते तू ऐकलं असतंस, तर मांडवातून उठून गेला असतास. सभेत कायम मागं, खांबाला टेकून बसायची तुझी सवय. कुणाला कळलंही नसतं. वंदना झाली, तुझे भाऊबंद बोलले, आणि मग कुणीतरी म्हणालं, आता सचिव साहेब दोन शब्द बोलतील. दूध संस्थेच्या खोलीला कुलूप लागून किती वर्षं झाली, तरी गावात मी सचिवच आहे. मी उठलो, घसा खाकरला आणि दगडी रांजणांच्या सहलीची गोष्ट सांगितली.

भर दुष्काळात एका वस्तीचं पिण्याचं पाणी घाण झालं होतं, आणि आम्ही सगळे फोटो काढण्यात दंग असताना उत्तमनं एकट्यानं दोन तास बादल्या ओढून ते उपसून दिलं, असं मी सांगितलं. आवाजही थोडा कापला माझा. लोकांनी माना हलवल्या, दोघाचौघांनी डोळे पुसले. पाणी घाण कुणी केलं ते मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

कार्यक्रम उरकल्यावर तुझी सुजाता चहा घेऊन आली. खुर्चीशेजारी टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमी बाबांची चूक सांगितली न्हाई. एवढ्या लोकांत झाकून घेतली. लई बरं वाटलं मला."

मी विचारलं, कसली चूक?

तेव्हा मला कळलं की तू घरात काय सांगून ठेवलं होतंस. तू लेकरांना सांगायचास म्हणे, की तुमच्या बापानं एकदा धुण्याचा सोडा लोकांच्या पिण्याच्या पाण्यात कालवला. म्हणून कुठल्याही पाण्याला हात लावायच्या आधी विचारत जा. सुजाता आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दरवर्षी चौथीची पोरं घेऊन ती रांजण दाखवायला जाते, आणि गाडीतून उतरायच्या आधी पोरांना हीच गोष्ट सांगते, माझ्या बाबांकडून इथं एक चूक झाली होती म्हणून.

मी तो चहा प्यायलो. कप खाली ठेवला. येतो म्हणालो आणि घरी आलो. म्हणजे त्या दिवशी रांजणावर गप्प बसलो होतो, आणि वीसएक वर्षांनी तुझ्या दारात तुझ्या लेकीसमोर पुन्हा गप्प बसलो. त्याची लाज वाटते, उत्तम, म्हणून लिहायला बसलो.

सगळं सांगायचं तर सहलीच्या भांडणापासून सांगावं लागेल. तुला यायचंच नव्हतं. त्या वर्षी गावात टँकर सुरू होता, अर्ध्याच्या वर जनावरं छावणीत होती, ऊसतोडीला गेलेली घरं दिवाळीपासून बंद होती. आपल्या संस्थेत सकाळी आठ कॅन भरायचे, ते दोनावर आले होते, आणि दुसराही काठोकाठ नसायचा. तरी चेअरमनच्या डोक्यात सहल होती. संस्थेची निवडणूक तोंडावर होती आणि सभासदांना एक दिवस टेम्पोत बसवून हिंडवून आणलं की बरं असतं, असा त्यांचा हिशोब. तू मला म्हणालास, जनावरं छावणीत बांधून आपण दगडं बघायला जायचं का? मी तुझी टर उडवली. माणसानं वर्षातून एक दिवस हसायचंच नाही का, म्हणालो. तू आला नाहीस तर मीही जाणार नाही, अशी गळही घातली. तू आलास तो माझ्यासाठी.

मांजरसुंब्याला चहा झाला आणि टेम्पो डोंगराच्या अंगाला लागला तसा तूही खुलला होतास. रांजण बघून तर तू लहान पोरासारखा पालथा पडून एकेका खड्ड्यात डोकावत होतास. नदी कोरडी ठाक, काळा खडक उन्हात तापलेला, आणि त्यात ते गोल गुळगुळीत खड्डे, कुठला घागरीएवढा, कुठला माणूस उभा मावेल एवढा. पुढं तो मोठा धोंडा, दुसऱ्या धोंड्यावर जेमतेम टेकलेला, ज्याच्या खाली उभं राहून सगळं जग फोटो काढतं. भेळेच्या दोन गाड्या, एक फोटोवाला, कुठल्या तरी शाळेची पोरं. बहुतेक रांजणांत पाण्याऐवजी बिस्किटांचे कागद होते.

तिथंच आपलं वाजलं. मी म्हणालो, हे खड्डे पाण्यानं पाडले. तू म्हणालास, पाण्यात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी पाडले, नुसतं पाणी काय करतंय? मी म्हणालो, पाणी नसतं तर गोटा फिरला असता का? तू म्हणालास, गोटा नसता तर पाणी आलं तसं गेलं असतं. जेवणं सुरू झाली तरी आपलं चालूच. पुढं कितीदा संस्थेत बसून तो वाद उकरून काढावा असं मनात यायचं, पण त्या जागेचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती. तो तसाच राहिला.

धपाटे, ठेचा आणि मठ्ठा असा बेत होता. मठ्ठा आपण संस्थेच्या कॅनमध्ये नेला होता. आता पुढचं कुणाला सांगितलं तर हसतील, पण तू हसणार नाहीस. रिकामा कॅन न धुता झाकण लावून ठेवला की मला चैन पडत नसे. एका उन्हाळ्यात आपल्या एका कॅनला वास धरला आणि त्यापायी दूध नासलं, टँकरवाल्यानं परत पाठवलं, तेव्हापासून मला तो रोगच जडला होता. कॅन रिकामा झाला की लगेच सोड्यानं धुवायचा, दोनदा विसळायचा, पालथा घालायचा. सोड्याची पुडी माझ्या शबनममध्ये कायम असायची. तू चिडवायचास, की सचिवाला सरणावर ठेवताना आधी सोड्यानं धुवावं लागेल.

सगळे जेवून सावलीला लवंडले होते. मी कॅन घेऊन खाली गेलो. खडकाच्या एका कडेला, वाटेपासून जरा आत, एका रांजणावर बाभळीची वाळकी काटी टाकलेली होती आणि कडेनं चुन्याचा पट्टा ओढलेला होता. मला वाटलं, शाळेची पोरं पडू नयेत म्हणून केलं असेल. मी काटी बाजूला ओढली. आत हातभर खोल नितळ पाणी. एवढ्या दुष्काळात नदीच्या पोटात एवढं पाणी कुठून आलं, एवढाही प्रश्न मला पडला नाही. मला पाणी दिसलं आणि माझ्याकडं न धुतलेला कॅन होता. मी कॅन बुडवला, सोडा टाकला, घासला, कडेला ओतला. ओतलेलं उतारानं परत आत गेलं. मी पुन्हा बुडवला. दुसऱ्यांदा विसळल्यावर पाणी चुनखडीसारखं पांढुरकं झालं, वर तुपाचे डोळे तरंगायला लागले.

तू मला शोधत खाली आलास. लांबूनच थांबलास. "वसंता, काटी कुणी काढली बे?"

मी म्हणालो, मी काढली, का?

काटीचा अर्थ तुला सांगावा लागला नाही. तू धावत आलास, माझ्या हातातून कॅन ओढून घेतलास आणि लांब खडकावर नेऊन ठेवायला निघालास. तेवढ्यात वरच्या अंगानं चार बायका घागरी घेऊन उतरल्या. कॅन तुझ्या हातात होता. मी तीन पावलं अलीकडं, धोतराला हात पुसत उभा होतो. त्या बायकांनी रांजणात बघितलं आणि त्यातली म्हातारी मटकन खाली बसली. त्या रांजणाच्या तळाला बारीक झरा होता. वरच्या वस्तीतल्या पंधरा-वीस घरांना टँकर पोचत नव्हता, आणि रात्रंदिवस थेंब थेंब साठलेलं ते पाणी घरटी दोन घागरी असं वाटून घ्यायचे ते लोक.

आरडाओरडा ऐकून आपले सगळे खाली आले, मागोमाग वस्तीतले चार-पाच गडीही आले. कुणी केलं, म्हणून विचारणा झाली. चेअरमननी तुझ्या हातातल्या कॅनकडं बघितलं आणि म्हणाले, "आमचा कॅनवाला हाय तो. त्याला काय कळतंय."

तुला काय कळतंय. संस्थेत दुधाचं फॅट काढायला तू बसायचास, कागद मी रंगवायचो. आणि मी तिथंच होतो. माझ्या शबनममधून सोड्याच्या पुडीचं टोक बाहेर आलेलं होतं, ते मी हळूच आत सारलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. गप्प बसलो हे एकवेळ सांगता येतं, पुडी आत सारली हे सांगता येत नाही.

म्हातारीनं तुला विचारलं, "कुणाचा रं तू?" तू गावाचं नाव सांगितलंस आणि त्याच्यापुढं गावकुसाबाहेरच्या तुमच्या वस्तीचंही सांगितलंस. नुसतं गाव सांगून भागलं असतं. तुला खोटं बोलता येत नाही असं मला वाटायचं. सुजातानं चहा दिला त्या दिवशी कळलं की येतं, पण कुणासाठी ते वेगळं.

वस्तीचं नाव ऐकल्यावर त्या लोकांच्या तोंडावरचा राग पालटला. तो सोड्याचा राहिला नाही. तू एवढंच म्हणालास, "चूक झाली, मावशी. मी उपसून देतो." चूक झाली, म्हणालास. कुणाची झाली ते म्हणाला नाहीस. त्या एका वाक्याच्या आडोशाला मी वीस वर्षं बसलो. उत्तमनं काही माझा गुन्हा आपल्या अंगावर घेतला नाही, तो फक्त चूक झाली म्हणाला, असं मी स्वतःला समजावत आलो.

तू बादल्या ओढायला लागलास. पहिल्या आठ-दहा बादल्या मी तुझ्या हातातून घेऊन लांब नेऊन ओतल्या, हेही खरं आहे. मग वरून चेअरमननी हाक मारली, सचिव, ग्रुप फोटो आहे, चला. तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणालो, आलोच दोन मिनिटांत. फोटोवाल्यानं सगळ्यांना त्या धोंड्याखाली उभं केलं. मी चेअरमनच्या शेजारी, छाती काढून. तो फोटो संस्थेच्या भिंतीवर कितीतरी वर्षं होता. उत्तम कुठं दिसत नाही, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, फोटो त्यानंच काढलाय. तू दूध मोजत तिथंच बसलेला असायचास.

मी परत खाली आलो तेव्हा रांजण कोरडा झाला होता. तू आत उतरून राखेनं बुड घासलं होतंस, तुझ्या अंगाचं पाणी पाणी झालं होतं. म्हातारी म्हणाली, झालं, आता वर ये. तू वर आलास, बाजूला झालास. मग त्या चौघींपैकी दोघी आत उतरल्या आणि तू जिथं जिथं घासलं होतंस तो सगळा दगड त्यांनी नव्यानं घासून काढला. जिथं तू हात टेकून वर चढलास ती कडही घासली. तू उन्हात उभा राहून ते शेवटपर्यंत बघितलंस. मी मात्र भेळेच्या गाडीकडं बघत होतो.

मला भीती वाटली म्हणून मी बोललो नाही, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. गडी लाठ्या घेऊन आले असते, निवडणुकीत बोभाटा झाला असता, वगैरे. पण भीती कसली? मी बोललो असतो तर त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या आणि आपण शहाण्यासारखे टेम्पोत बसलो असतो. माझ्या हातानं दगड बाटला नसता, तो कुणी पुन्हा घासला नसता. मला फक्त वाईट म्हणवून घ्यावं लागलं असतं. तेवढंसुद्धा मी करू शकलो नाही, कारण तू शेजारी उभा होतास आणि तुझ्यावर ढकलणं सोपं होतं. मी ढकललंसुद्धा नाही. आपोआप जात होतं, ते जाऊ दिलं.

परतताना तू टेम्पोच्या फाळक्याशी बसला होतास. चौसाळ्याच्या अलीकडं मी तुझ्याजवळ सरकलो, तंबाखूची डबी पुढं केली. तू घेतली, मळली, आणि रस्त्याकडं बघतच म्हणालास, "मला वाटलं होतं, तू बोलशील बे."

मी काहीतरी पुटपुटलो. संस्थेत गेल्यावर बोलू, असलंच काहीतरी. दुसऱ्या दिवशी पहाटे तू नेहमीसारखा संस्थेत आलास, चूल पेटवलीस, कॅन धुवायला गरम पाणी ठेवलंस आणि मला विचारलंस, "सोडा आणलास का?" टोमणा मारत नव्हतास. खरंच सोडा हवा होता. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. माझ्या पोरीच्या लग्नात आचाऱ्यांच्या मागं दोन दिवस उभा राहिलास. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला बीडला माझ्याबरोबर तूच आलास. तू विसरलास असं मी ठरवून टाकलं होतं. माझ्या सोयीचं ते सगळं मी असंच ठरवत आलो.

गेल्या शनिवारी मी सुजाताच्या शाळेत गेलो. सकाळची शाळा सुटली होती. व्हरांड्यात बसून मी तिला सगळं सांगितलं, काटीपासून पुडीपर्यंत. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबवेना. बायकांनी दगड पुन्हा घासला तेही सांगून मोकळा झालो. तिथं मात्र तिनं मान वर केली.

"पुन्हा घासला? बाबा वर आल्यावर?"

मी हो म्हणालो.

"हे बाबांनी आमाला कधीच सांगितलं न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसलो. तू लेकरांना चूक सांगितलीस आणि अपमान गाळून टाकलास. चूक सांगायची तर ती कुणाची तरी असायला हवी, म्हणून ती स्वतःवर घेतलीस. मला वाचवायला तू खोटं बोललास असं मी चार दिवस समजत होतो, आणि त्यातसुद्धा माझाच मोठेपणा होता. तू लेकरांना वाचवत होतास. आपला बाप काही गुन्हा नसताना असा अपमान बघत उभा होता हे त्यांना कळण्यापेक्षा, आपल्या बापानं चूक केली आणि निस्तरली हे त्यांना कळलेलं बरं, असं तुला वाटलं असणार. आणि मी माझं ओझं हलकं करायला गेलो ते तिच्या डोक्यावर ठेवून आलो. उत्तम, हे सांगायला हवं होतं की नाही, मला खरंच कळत नाही. तुला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तू होतास तेव्हा मी विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

ती पोरांच्या वह्या एकावर एक रचत राहिली. रडली नाही, मला बरं वाटावं असंही काही बोलली नाही. मग म्हणाली, "बुधवारी चौथीची सहल हाय. तुमी या. दरसाल मी सांगते, औंदा तुमी सांगा. दोन्ही सांगा, सोड्याचं बी आन् दगडाचं बी." एवढं बोलताना तिनं मला एकदाही काका म्हटलं नाही.

काल गेलतो, उत्तम. रांजण आता कठड्याच्या आत आहेत, तिकीट लागतं, धोंड्यापुढं लोक मोबाईल धरून उभे असतात. वस्तीला नळ आलाय. चुन्याचा पट्टा कुठं दिसला नाही, तो रांजण नेमका कुठला तेही मला आधी ओळखू येईना. सुजातानं पोरांना खडकावर ओळीनं बसवलं आणि म्हणाली, मी आजवर सांगायचे ती गोष्ट चुकीची होती, खरी गोष्ट हे सांगणार आहेत. एवढी ओळख करून दिली आणि ती पोरांच्या मागं जाऊन उभी राहिली.

मी सांगितलं. पांढऱ्या केसांचा म्हातारा चाळीस पोरांसमोर उभा राहून सांगतोय, की पाणी मी नासवलं आणि माझ्या मित्रानं बोलणी खाल्ली. चेअरमन काय म्हणाले ते सांगितलं. म्हातारीनं काय विचारलं, तू काय उत्तर दिलंस, दगड दुसऱ्यांदा का घासला, तेही सांगितलं. का घासला हे सांगताना काही पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि काहींनी खाली बघितलं, आणि कुणी खाली बघितलं ते माझ्या लक्षात आलं. सुजाताचा चेहरा मला दिसत होता. ती डोळे न हलवता ऐकत होती.

संपल्यावर दुसऱ्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. हात वर करून, शाळेत विचारतात तसं तिनं विचारलं, "मंग तुमी त्यांची माफी मागितली का?"

मी नाही म्हणालो.

ती खाली बसली नाही. पुढं काहीतरी सांगतील म्हणून माझ्याकडं बघत उभी राहिली. सांगण्यासारखं पुढं काही नव्हतं, उत्तम.